तोटा आपल्या वहीत, वसुली परक्याच्या हाती

सोनीने नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, अमेरिकेत विक्रीला आणला, तेव्हा ६० जीबीच्या कन्सोलची किंमत ५९९ डॉलर होती. आयसप्लाय या बाजार-संशोधन संस्थेने तो उघडून सुट्या भागांचा आणि जोडणीचा हिशेब मांडला, तो ८४० डॉलरच्या घरात गेला. त्या हिशेबात कंट्रोलर, केबल आणि पॅकिंग धरलेलेच नव्हते. एका नगामागे किमान २४० डॉलर अंगावर येत होते, आणि मार्च २००७ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाचा तोटा २३२ अब्ज येनवर गेला. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांचे कॉस्टिंग पाहतो. त्यामुळे हे आकडे वाचताना माझे लक्ष यंत्रापेक्षा त्या तोट्याच्या वसुलीकडेच जास्त जाते.

वसुलीचा मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे. कन्सोल स्वस्तात द्यायचा, आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे ती बनवणाऱ्या कंपनीकडून हिस्सा घ्यायचा. डिजिटल दुकानात हा हिस्सा साधारण ३० टक्के असतो. उद्यमनगरातला फाउंड्रीवालाही मोठे गिऱ्हाईक हाती यावे म्हणून कधीकधी पहिल्या ऑर्डरला किलोमागे परवडणार नाही असा रेट देतो, पण त्याच्या पर्चेस ऑर्डरवर नग लिहिलेले असतात आणि जास्तीत जास्त किती बुडेल हे त्याला सही करण्याआधीच कळते. कन्सोलच्या तोट्याला असे कुंपण नसते. पहिल्या वर्षी मागणी जितकी जोरात, तितकी तूट मोठी, आणि त्या बदल्यात येणारे पैसे मात्र चार-पाच वर्षांत, थोडेथोडे, तेही गिऱ्हाइकाने मनावर घेतले तर. समजा एका गेममागे कंपनीच्या हाती १० डॉलर राहिले, तर २४० डॉलर भरून काढायला त्या घरात २४ गेम विकले गेले पाहिजेत. सर्वसाधारण कुटुंब इतके गेम घेते का, हा प्रश्न मला या सगळ्या व्यवहाराचा गाभा वाटतो.

तो का, हे राजारामपुरीतल्या एखाद्या गेमिंग पार्लरमध्ये संध्याकाळी डोकावले तर दिसते. भिंतीवर टीव्ही, खाली कन्सोल, घामाने बटणे गुळगुळीत झालेले कंट्रोलर आणि फुटबॉलच्या एकाच डिस्कवर तासाच्या बोलीने आळीपाळीने खेळणारी कॉलेजची पोरे. दिवसभरात कितीतरी जण खेळतात, पण कंपनीच्या लेखी तो एकच कन्सोल आणि जेमतेम दोन-तीन गेमची विक्री. त्याआधीच्या पिढीने तर चिप बसवलेल्या प्लेस्टेशन २ वर नकली डिस्का चालवल्या. वापरलेली डिस्क हातोहात विकली जाते, तेव्हाही कंपनीला त्यातला पैसा मिळत नाही. यात पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. परवडेल तसे माणूस खेळणार. पण किंमत ठरवणाऱ्याने हे गिऱ्हाईक आधीच गृहीत धरायला हवे. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१० मध्ये १,७०० हून अधिक प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून कॉन्डॉर क्लस्टर नावाचा महासंगणक उभारला. तोवर सोनीची तूट बरीच आटोक्यात आली होती, तरीही गेमच्या आशेवर किंमत ठरवलेल्या वस्तूचे असे घाऊक गिऱ्हाईक एकही गेम घेत नाही, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

दुसरा धोका दुरुस्तीचा. ज्या मालावर नफाच ठेवलेला नाही, त्यात बिघाड निघाला तर तो खर्च सोसायला काही शिल्लक नसते. एक्सबॉक्स ३६० या कन्सोलमध्ये लाल दिवे लागून तो बंद पडण्याच्या बिघाडापायी मायक्रोसॉफ्टला जुलै २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. मायक्रोसॉफ्टला ते झेपले, कारण तिचा मुख्य धंदा वेगळा होता. सेगा या जपानी गेम कंपनीजवळ तसा आधार नव्हता. तिच्या ड्रीमकास्ट या कन्सोलचे ९० लाखांहून अधिक नग खपूनही जानेवारी २००१ मध्ये तिने कन्सोल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी मृत्यूपूर्वी स्वतःच्या मालकीची सुमारे ७० कोटी डॉलरची संपत्ती कंपनीला देऊन तिला सावरले. लाखोंनी खपणारी वस्तूसुद्धा कंपनीला जड जाऊ शकते, हे मी कारखानदारांना समजावतो तेव्हा सेगाचे उदाहरण हटकून देतो.

आजवर या धोक्यावर एक खात्रीचा उतारा होता. चिप लहान होत जायची, सुटे भाग स्वस्त व्हायचे, आणि तोच कन्सोल दोन-तीन वर्षांत कमी खर्चात तयार व्हायचा. प्लेस्टेशन ३ चे सडपातळ रूप सप्टेंबर २००९ मध्ये २९९ डॉलरला आले, ते त्यामुळेच. हा उतारा आता लागू पडेनासा झाला आहे, आणि मला खरी काळजी वाटते ती याचीच. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलेला प्लेस्टेशन ५ पुढे ५४,९९० रुपयांवर गेला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये तो ५० डॉलरने महागला. मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२२ मध्ये एका कन्सोलमागे १०० ते २०० डॉलर पदरचे घालावे लागतात असे सांगितले होते. खर्च उतरत नसेल तर तूट भरायला किंमत वाढवणे एवढेच उरते, आणि किंमत वाढली की कन्सोल कमी घरांत पोहोचतो. मग गेम बनवणारेही त्या यंत्रासाठी पैसा गुंतवताना हात आखडता घेतात, आणि ज्या हिश्शाच्या भरवशावर पहिला तोटा पत्करला होता, तो हिस्साच कमी होतो.