तुम्ही विचारलंत म्हणून: वाफ्याच्या कडेला नेमकं काय लावलंय?

बागेत पहिल्यांदा येणारं माणूस गुलाबांबद्दल विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. ते वाफ्याच्या कडेशी उकिडवं बसतं, कड निरखून बघतं आणि विचारतं, "इथे नेमकं काय लावलंय हो? आमच्याकडे लॉन सगळं मल्चमध्ये, त्या मातीवर पसरलेल्या भुशात, घुसतं, सहा महिन्यांत वाफा कुठला नि लॉन कुठलं तेच कळत नाही." मी म्हणते, काही नाही लावलेलं. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर असा भाव येतो की बाईंना सांगायचं नाहीये.

खरंच काही नाही लावलेलं. एक चर आहे, रिकामा. खोली साधारण 12 ते 15 सेंटीमीटर, लॉनच्या बाजूने सुरीने कापल्यासारखा सरळ उभा आणि वाफ्याच्या बाजूने हळूहळू वर चढत जाणारा. एवढंच. पण ह्या एवढ्याशा गोष्टीपर्यंत पोचायला मला चार वर्षं लागली आणि एकच वाफा तीन वेळा मुळापासून उकरावा लागला, आणि मला वाटतं बहुतेक जण ह्याच चुका ह्याच क्रमाने करतात, म्हणून सविस्तर सांगते.

आधी एक काम करा. तुमच्या वाफ्यात घुसलेलं गवत एका ठिकाणी हाताने ओढा आणि काय बाहेर येतं ते बघा. नुसता झुपका आला, खाली केसाळ मुळं आणि बाकी काही नाही, तर तुम्ही सुखी आहात, ते फेस्क्यूसारखं झुपक्याने वाढणारं गवत आहे, ते चालत येत नाही, फार तर बी पडून उगवतं, आणि पुढचं सगळं वाचायची तुम्हाला फारशी गरज नाही. जमिनीवरून सरपटणारी दोरी आली, प्रत्येक पेराशी मुळं फुटलेली, तर ते सेंट ऑगस्टीनसारखं वरून चालणारं. जमिनीखालून पांढरी काश, म्हणजे मातीखाली आडवं धावणारं खोड, आली तर केंटकी ब्लूग्रासच्या जातीचं, खालून चालणारं. आणि दोन्ही आलं तर बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी, किंवा झोयसिया, म्हणजे वरूनही येणार आणि खालूनही येणार. माझ्याकडे अर्थातच हरळी.

ती काश हातात घेऊन नीट बघण्यासारखी असते बरं का. पांढरट पिवळी, जाड दाभणाएवढी, टोक इतकं टोकदार की बोटाला टोचतं, अंगावर कागदासारखे पातळ खवले आणि दर दोन-तीन सेंटीमीटरवर एक पेर. खवला नखाने सोलला की पेराशी एक बारीक डोळा दिसतो, तांदळाच्या कणीएवढा. तो डोळा म्हणजे पुढचं अख्खं गवत. मी एकदा गुलाबाच्या बुंध्यातून एक काश ओढत गेले, तुटू नये म्हणून एका हाताने मल्च बाजूला सारत, तर ती कडेपासून हातभर आत आलेली निघाली आणि वर तोपर्यंत एक पातंसुद्धा दिसत नव्हतं.

तर पहिली चूक हीच, मल्चवर भरवसा. मलाही वाटायचं की तीन-चार इंच लाकडाचा भुसा टाकला की खालचं गवत गुदमरून मरेल. बियांपासून उगवणाऱ्या बारीक तणाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, त्याला उजेड मिळत नाही. पण काशेला उजेड नकोच असतो, तिला लॉनमधल्या आईकडून रसद चालू असते. उलट मल्चखालची माती ओलसर, भुसभुशीत, कोणाचा पाय पडत नाही असली, म्हणजे तिच्यासाठी राजमार्गच. लॉनमध्ये जी काश जेमतेम पुढे सरकत होती ती वाफ्यात धावायला लागते. ओसरी दिली की पाय पसरते तशातली गत.

दुसरी चूक, मी रागारागाने वाफा टिलरने, म्हणजे माती उलटीपालटी करणाऱ्या यंत्राने, फिरवून घेतला. दोन आठवडे काय सुंदर दिसत होता! मग एका काशेचे वीस तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे ह्या हिशोबाने ती उगवली, आणि ह्या वेळी कडेने नाही तर सगळ्या वाफ्यात सारखी, पेरल्यासारखी. लावायची म्हटलं असतं तर इतकी एकसारखी लागली नसती.

तिसरी, फॅब्रिक. ते काळं विणलेलं कापड, वर मल्च. पहिलं वर्ष बरं जातं आणि त्यामुळेच माणूस फसतो. मग वरचा मल्च कुजून त्याची माती होते, तिच्यात गवत वरून रुजतं, मुळं कापडाच्या विणीत अडकतात आणि आता उपटायला गेलं की कापडच फाटत वर येतं, तेही अर्धवट. ते काढायला मला आणि नवऱ्याला दोन रविवार लागले, आणि दुसऱ्या रविवारी आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. जाड पुठ्ठा मात्र मी अजूनही वापरते, नवा वाफा करताना, चिकटपट्ट्या काढून, एकावर एक निदान वीतभर चढवून, भिजवून, वर मल्च. तो काही महिन्यांत कुजून जातो आणि तेवढ्यात खालचं जुनं गवत बरंचसं मरतं. पण तो कडेने येणाऱ्याला अडवत नाही, त्याचं काम वेगळं.

चौथी म्हणजे प्लॅस्टिकची एजिंग, कडेला पुरायची पट्टी, ती गुंडाळीत मिळते ती. दिसायला नीटनेटकी हवी म्हणून मी ती मातीच्या पातळीला ठोकून बसवली, आणि हरळीच्या दोऱ्या तिच्यावरून उंबरा ओलांडल्यासारख्या आल्या. मग जरा वर उचलली तर मोवरच्या, गवत कापायच्या यंत्राच्या, पात्याने दोन ठिकाणी चावली. शिवाय जिथे दोन तुकडे जुळतात तिथल्या फटीतून काशा आल्या, नेमक्या तिथूनच, कुणी पत्ता दिल्यासारख्या. मी एजिंगच्या विरोधात नाही, धातूची पट्टी चांगली काम करते, पण खाली 10 ते 15 सेंटीमीटर, वर दोन-तीन सेंटीमीटर दिसणारी आणि सांधे एकमेकांवर चढवलेले, असं असलं तरच. आणि तरीही अधूनमधून तिच्यावरून येणारं कापावं लागतंच, हे विकणारा सांगत नाही.

मग चर. कसा सुचला म्हणाल तर सुचला नाही, शेवटची एजिंग उपटली तेव्हा तिची खाच तशीच उघडी राहिली, कंटाळा आला होता म्हणून मी ती बुजवली नाही. दोन महिन्यांनी बघते तर सगळ्या बागेत तेवढ्याच पट्ट्यात गवत वाफ्यात गेलेलं नव्हतं. खाचेच्या उभ्या भिंतीतून काशांची टोकं बाहेर डोकावत होती, काही वाळून तपकिरी झालेली, काही उजेड लागल्यामुळे हिरवी होऊन वर वळलेली. वरच्या दोऱ्या कडेवरून खाली लोंबत होत्या, पेरांना मुळं धरायला माती मिळत नव्हती. मुळाच्या वाटेत भिंत आली तर ते भिंतीच्या कडेकडेने, खालून, फटीतून रस्ता काढतं. हवा आली तर बिचारं काय करणार! आणि मला त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे आता ते दिसत होतं. एजिंगच्या आड काय चाललंय ते कळायचं तेव्हा उशीर झालेला असायचा.

करायचा कसा ते सांगते. आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे माती ना दगड ना चिखल. कडेला पाण्याचा पाइप टाकून रेघ ठरवा, अर्धचंद्री पात्याचा एजर असेल तर उत्तम, नाहीतर सरळ धारेचं फावडं, ते सरळ उभं धरून पायाने दाबा, तिरकं नको. मग वाफ्याच्या बाजूने तिरका काप घेऊन मधली पाचर उचला. निघालेलं गवत कंपोस्टमध्ये टाकू नका, कृपा करून टाकू नका, ते सिमेंटवर किंवा दगडावर पसरा आणि काश दुमडल्यावर कटकन तुटेपर्यंत उन्हात राहू द्या. मल्च चराकडे येताना पातळ करत आणा. चरात मल्च भरला की तो चर राहत नाही, पूल होतो. पक्षी उकरून उकरून तो भरतातच, म्हणून अधूनमधून हाताने साफ करावा लागतो.

ही मेहनत किती, हा पुढचा प्रश्न असतोच. गवत जोरात वाढत असतं तेव्हा दर दोन आठवड्यांनी एक चक्कर, हातात कात्री, लोंबणारं आणि डोकावणारं छाटत जायचं, मान खाली घालून. वर्षातून दोन-तीनदा कड पुन्हा कापायची कारण उभी भिंत ढासळून उतरती होते. एखादी खोलवरची काश चराच्याही खालून जाते, हरळीच्या बऱ्याचशा काशा वरच्या 15 सेंटीमीटरमध्ये असल्या तरी सगळ्या नसतात, पण ती पलीकडच्या उतारावर वर आली की लगेच नजरेत भरते. चक्कर चुकली की मग मात्र काही खरं नाही. एकदा मी आजारी पडले, दीड महिना बागेकडे बघितलं नाही, आणि एक पट्टा पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

चर सगळीकडे चालत नाही हेही सांगायला हवं. जिथे लोकांचा पाय पडतो, म्हातारी माणसं, पोरं ये-जा करतात, तिथे तो पाय मुरगळायचं साधन आहे, तिथे मी विटा लॉनच्या पातळीला आडव्या बसवल्यात, मोवरचं एक चाक त्यांच्यावरून जातं आणि कड वेगळी कापावी लागत नाही. विटांच्या फटीतून येतं थोडं, पण दिसतं. मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ खोल चर खणू नका, झाडाची मुळं तुटतील, तिथे फक्त वरवर कड कापा आणि मल्च खोडाला टेकवू नका. आणि वाफ्याचा आकार! मी हौसेने नागमोडी केला होता, पाच वळणं, प्रत्येक कोपऱ्यात मोवर अडायचा आणि प्रत्येक वळणाबरोबर राखायची कड लांबायची. आता दोनच मोठी सुटसुटीत वळणं आहेत. लॉनच्या मध्यावरचे छोटे छोटे गोल वाफे तर मी काढूनच टाकले, चारही बाजूंनी वेढा पडलेला, किती लढणार.

काही बारीकसारीक गोष्टी आपणच करत असतो. स्प्रिंकलरचं पाणी वाफ्यात पडतं, लॉनचं खत फेकताना अर्धं मल्चमध्ये जातं, आणि मोवर कापलेलं गवत नेमकं वाफ्यावर उडवतो. कडेच्या पहिल्या दोन फेऱ्या अशा दिशेने मारा की गवत लॉनमध्येच पडेल. वाफ्याला ड्रिप असेल तर बरं. आणि कडेला झाडं दाट लावा, हरळीला सावली अजिबात सोसत नाही, झुडपांच्या गर्द सावलीत ती स्वतःहून विरळ होते.

आधीच घुसलेलं असेल तर? दातेरी फोर्क घ्या, फावडं नको, फावडं कापतं. माती ओली असताना सैल करा आणि काश टोकापर्यंत सोडवा, घाई करू नका. रोपांच्या मधून ती पहिल्यांदा सगळी निघत नाही, दर वेळी नवं पातं आलं की लगेच काढत राहिलात तर तिची शिदोरी संपत जाते. रिकामा वाफा असेल तर भर उन्हाळ्यात माती भिजवून पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे, कडा मातीत पुरून, बराच फरक पडतो, खोलवरच्या काशा वाचतात काही. व्हिनेगर शिंपडणाऱ्यांनो, फक्त पानं जळतात. मीठ टाकणाऱ्यांनो, तुम्ही गवताबरोबर वाफाही मारताय.

औषधांबद्दलही विचारतात. ग्लायफोसेट पानातून काशेपर्यंत पोचतं खरं, पण त्याला गुलाब आणि गवत ह्यातला फरक कळत नाही, वाऱ्याने उडालेला थेंबही नुकसान करतो. फ्लुअझिफॉपसारखी फक्त गवतवर्गावर चालणारीही असतात, पण बागेतली शोभेची गवतं आणि गवती चहा हेही गवतच, आणि फवारा लॉनवर गेला तर लॉनही पिवळं. लेबल शब्द न् शब्द वाचून, आपल्या झाडांची नावं त्यात शोधून मगच. मी एकदा वापरलं, कामही झालं, आणि तीन महिन्यांत कड उघडी असल्यामुळे लॉनमधून नवं गवत आलं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे गं, पण लावायचं असं काही नाही का?" मी त्यांना माझा जुना एजर देऊन टाकला.