नेक उघडता आला पाहिजे

शनिवारी रात्री गिटारला नव्या तारा चढवल्या आणि मापाची पट्टी लावली. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची, गिटारीच्या दांड्यावरची, धातूची आडवी पट्टी) जाड ई तार २.४ मि.मी. वर आहे. मार्चमध्ये हीच तार ४ मि.मी. वर होती, आणि मे महिन्यात मी ही गिटार विकायला काढली होती. मधल्या आठ महिन्यांत काय घडलं ते सविस्तर लिहितोय. आपल्या भागात गिटार वाजवणारे बरेच जण तारा उंच जाण्याच्या याच अडचणीत आहेत.

सुरुवात माझ्या गिटारपासून झालीच नाही. धुळ्याचा मित्र परदेशातली नोकरी आटोपून कायमचा परतला आणि सोबत टेलर या अमेरिकी कंपनीची ३१४ सीई गिटार घेऊन आला. सिटका स्प्रूस लाकडाचा टॉप (पुढची फळी), सापेली लाकडाची बाजू-पाठ, आत व्ही-क्लास ब्रेसिंग (आधाराच्या पट्ट्या). उन्हाळ्याचे दोन महिने ती माझ्याकडे जळगावला राहिली. आम्ही सहा जण महिन्यातून एकदा जमतो, कधी भुसावळला, कधी अमळनेरला. त्या दोन महिन्यांत आमच्या गप्पांना दुसरा विषयच नव्हता: टेलरवाल्यांनी नेक आणि ब्रेसिंग असं का केलं?

मतं टोकाची होती. भुसावळचे भाऊ तीस वर्षं वाजवताहेत, त्यांचा कान मी मानतो. त्यांचं म्हणणं, बोल्टने जोडलेला नेक म्हणजे खुर्चीचा पाय. नेकचं लाकूड आणि बॉडीचं लाकूड सरसाने एकजीव झाल्याशिवाय सूर आत उतरत नाही. मार्टिन कंपनीच्या डी-२८ गिटारमध्ये आजही डव्हटेल सांधाच (खाचेत बसवून सरसाने चिकटवलेला) असतो, आणि ती कंपनी १८३३ पासून गिटारी बनवते आहे, हा त्यांचा दाखला. अमळनेरच्या पोराचा आक्षेप वेगळा होता. त्याला टेलरचा आवाज फार उजळ, फार घासूनपुसून लख्ख केल्यासारखा वाटतो. पारोळ्याच्या ताईंना मात्र ४४.५ मि.मी. रुंद नट (नेकच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) आणि सडपातळ नेक इतका आवडला की फिंगरस्टाइलला, म्हणजे बोटांनी वाजवायला, त्यांनी ती गिटार हातातून सोडलीच नाही.

आधी ब्रेसिंगचं. टॉपच्या आतून ज्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात त्यांची मांडणी बहुतेक स्टीलच्या तारांच्या गिटारींत फुलीसारखी असते; ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली. टेलरचे डिझायनर अँडी पॉवर्स यांनी २०१८ मध्ये ती फुली मोडली. व्ही-क्लासमध्ये दोन मुख्य पट्ट्या साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) दोन्ही बाजूंनी निघतात आणि शेपटाकडे एकमेकींजवळ येतात. तारा ज्या दिशेने ओढतात त्या दिशेला टॉप ताठ राहतो, म्हणून सूर टिकतो. दोन्ही बाजूंना तो मोकळा राहतो, म्हणून आवाज मोठा येतो. इथवर सगळ्यांना पटतं. वाद आहे तो तिसऱ्या दाव्यावर: या रचनेमुळे सूर एकमेकांशी जास्त जुळतात, वरच्या फ्रेटवरचे कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) स्वच्छ लागतात.

हे तपासायला आम्ही गिटारींकडे पाठ करून बसलो. ताईंनी टेलर आणि माझ्या गिटारवर तोच जी कॉर्ड खाली आणि मग बाराव्या फ्रेटजवळ वाजवला. खाली वाजवलेल्यात कुणालाच खात्रीने ओळखता आलं नाही. वर वाजवलेल्यात मात्र ऐकणाऱ्या सगळ्यांनीच टेलर ओळखली. अमळनेरचा पोरगा म्हणाला, झालं, व्ही-क्लास सिद्ध.

मला ते पटेना. माझ्या गिटारवर तार ४ मि.मी. वर होती. एवढ्या उंचीवरून तार फ्रेटवर दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. हा ब्रेसिंगचा दोष कसा? म्हणून दुसऱ्या दिवशी मी सॅडल (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खालून १ मि.मी. घासला. बाराव्या फ्रेटवरची उंची त्याच्या निम्म्याने, म्हणजे अर्ध्या मि.मी.ने उतरली, ३.५ झाली. पुन्हा तोच प्रयोग केला. या वेळी चौघांनीच टेलर ओळखली, तीही थांबून, विचार करून. माझं मत यावरून असं झालं की व्ही-क्लासचा टिकणारा सूर खरा आहे, तो मला दोन महिने रोज ऐकू आला. पण सूर जुळण्याचं जे श्रेय लोक ब्रेसिंगला देतात, त्यातला मोठा वाटा चांगल्या सेटअपचा आहे. दोन गिटारींची तुलना करायची तर आधी दोन्हींची अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटवरची उंची) सारखी करून घ्या.

पण आता माझ्यापुढे भिंत आली. सॅडल ब्रिजच्या (तो जिच्यात बसतो त्या लाकडी पट्टीच्या) वर फक्त १.५ मि.मी. उरला होता. आणखी घासला तर तार सॅडलवरून तिला अडकवणाऱ्या पिनकडे उतरताना कोनच उरत नाही आणि आवाज मरतो. लांब पट्टी फ्रेटांवर आडवी ठेवून ब्रिजपर्यंत सरकवली. ती ब्रिजच्या माथ्याला चांगली ३ मि.मी. खाली धडकली. चांगल्या गिटारीत ती माथ्याला लागून किंवा किंचित वर यायला हवी. म्हणजे तारांच्या ओढीने वर्षानुवर्षं नेक पुढे झुकलेला होता. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळी) फिरवून हे दुरुस्त होत नाही. रॉड नेकचा बाक सरळ करतो, नेक आणि बॉडीमधला कोन नाही. इथे नेकच काढून पुन्हा बसवावा लागतो.

आपल्याकडचं हवामान यात भर घालतं. एप्रिलच्या दुपारी माझ्या खोलीतला आर्द्रतामापक १६ टक्के दाखवत होता. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवतात. टॉप सुकून खाली बसतो, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, मग ऑगस्टमध्ये तोच टॉप फुगून वर येतो. कूलर लावला की तासाभरात आकडा ६० च्या वर, लाइट गेली की पुन्हा खाली. कूलरच्या खोलीत गिटार ठेवणारे आपण सगळेच आहोत. माझी विनंती एवढीच की ती केसमध्ये बंद ठेवा आणि वाऱ्याच्या थेट झोतात भिंतीला टांगू नका. दिवसातून चार वेळा ओलं-कोरडं होण्यापेक्षा सतत थोडं कोरडं परवडतं.

इथेच मला टेलरचा नेक नीट समजला. १९९९ मध्ये त्यांनी जी पद्धत आणली तिच्यात नेक सरसाने चिकटवत नाहीत. बॉडीत अचूक कोरलेल्या खाचेत तो बसतो, आतून बोल्टने आवळला जातो, आणि त्याचा कोन ठरतो तो मध्ये ठेवलेल्या पातळ पाचरांवर. कोन बदलायचा तर बोल्ट सोडा, पाचर बदला, बोल्ट आवळा. दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. फिंगरबोर्डचा (फ्रेट बसवलेल्या नेकवरच्या फळीचा) जो भाग टॉपवर येतो त्याच्या खालीही नेकचं लाकूड आहे आणि तो सगळा मिळून खाचेत बसतो. माझ्या गिटारीत तो भाग थेट टॉपला चिकटवलेला आहे, म्हणून पावसाळ्यात टॉप फुगला की चौदाव्या फ्रेटच्या पुढे फिंगरबोर्डला कुबड येतं. मित्राच्या गिटारीत ऑगस्टमध्येही ते आलं नाही. धुळ्याला जाऊन मी स्वतः पट्टी लावून पाहिलं.

भाऊंना मी हेच सांगितलं. तुमचा कान खरा असेल, डव्हटेलचा सूर वेगळा असेलही. पण ज्या गावात नेक उघडणारा कारागीर नाही, तिथे कोन बिघडलेली डव्हटेल गिटार कपाटावर जाते. बोल्टचा नेक कुणीही समजून-उमजून उघडू शकतो. भाऊ थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माझी जुनी कपाटावरच आहे, बारा वर्षं झाली."

मुंबई-पुण्याला पाठवायचा विचार केला, पण पार्सलच्या प्रवासाची भीती वाटली. शेवटी अमळनेरच्या नानांकडे गेलो. नाना हार्मोनियम दुरुस्त करतात, त्याआधी सुतारकाम करायचे. गिटार त्यांनी कधी उघडली नव्हती, पण सांधा म्हणजे सांधा. खाच एकीकडे रुंद, एकीकडे निमुळती असते हे मी कागदावर काढून दाखवलं, तर त्यांनी घरातल्या जुन्या पेटीचा कोपरा दाखवला. तिथेही डव्हटेलच होतं.

दिवाळीनंतर दोन दिवस काम चाललं. फिंगरबोर्डचा पुढचा भाग गरम इस्त्री आणि पातळ सुरीने टॉपवरून सोडवला. मग पंधरावा फ्रेट काढला, त्या खाचेत बारीक भोक पाडून सांध्यापर्यंत नेलं आणि कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी लावून आत वाफ सोडली. (हे करताना टॉपवर ओला कपडा आणि हातात जाड मोजे हवेतच, वाफ कुठूनही बाहेर येते.) चाळीस मिनिटं काहीच झालं नाही. मग नानांनी टाचेखाली (टाच म्हणजे नेकचा बॉडीला जुळणारा जाड भाग) अंगठा लावून हलकेच दाब दिला आणि नेक चिखलातून पाय निघावा तसा बाहेर आला.

घासायचं किती, याचा हिशेब आधी केला होता. मला अ‍ॅक्शन १.१ मि.मी. उतरवायची होती, म्हणजे सॅडलपाशी २.२. शिवाय सॅडल पुन्हा १.५ मि.मी. उंच करायचा होता. एकूण ३.७. टाचेची लांबी ९५ मि.मी., आणि नेक बॉडीला मिळतो तिथपासून सॅडलपर्यंत २८९. गुणोत्तर काढलं तर टाचेच्या तळाला १.२ मि.मी. घासायचं आणि वर फिंगरबोर्डपाशी शून्य. नानांनी पटाशी बाजूला ठेवली आणि सगळं काम पॉलिश पेपरच्या पट्टीने केलं. पट्टी टाच आणि बॉडीच्या मध्ये धरून ओढायची, दर दहा ओढींनंतर लांब पट्टी लावून बघायची.

सांधा परत कशाने चिकटवायचा यावर मी घुटमळलो. बोल्ट घालण्याचा विचार मनात होता. नाना अहिराणीत म्हणाले, "भाऊ, सरस लाव. उद्या परत उघडाना शे ना." (उद्या परत उघडायचा आहे ना.) सरस वाफेने पुन्हा सुटतो, आजकालचे पक्के गोंद तसे सुटत नाहीत. टेलरवाल्यांनी बोल्ट निवडला आणि नानांनी सरस, दोघांचं कारण एकच होतं. मी सरसच लावला.

नेक मागे झुकल्यामुळे फिंगरबोर्डचा पुढचा भाग टॉपपासून थोडा उचलला गेला. त्या फटीत पाचर हवी होती. नानांनी कोपऱ्यातून टेंभुर्णीचा तुकडा काढला. सातपुड्यात तेंदूपत्त्यासाठी जिची पानं तोडतात तीच टेंभुर्णी. ती आणि आफ्रिकेतली एबनी (फिंगरबोर्डला वापरतात ते काळं लाकूड) एकाच, डायोस्पायरॉस वंशातली झाडं. तुकडा काळा होता आणि त्यात तपकिरी पट्टे. मला ३१४ चा फिंगरबोर्ड आठवला. त्याच्यावरही तसेच पट्टे आहेत आणि अमळनेरच्या पोराने त्यालाच "स्वस्तातलं लाकूड" म्हटलं होतं. खरी गोष्ट अशी की टेलर २०११ पासून कॅमेरूनमधल्या एबनीच्या गिरणीत भागीदार आहे. तिथे झाड पाडल्यावर आत पट्टे निघाले तर ते जंगलातच टाकून देत, कारण खरेदीदारांना फक्त काळंभोर हवं असे. टेलरने पट्ट्यांचं लाकूडही वापरायचं ठरवलं. त्यांच्या सगळ्या निर्णयांत मला मनापासून आवडलेला हा निर्णय आहे. नानांना सांगितलं तर ते तुकडा उजेडात फिरवत म्हणाले, "टेंभुर्णीना गाभाबी पुरा काया नही ऱ्हास." (टेंभुर्णीचा गाभाही पूर्ण काळा नसतो.) पाचर दोन तासांत घासून बसली.

पिकअपबद्दल (गिटारचा आवाज स्पीकरपर्यंत नेणाऱ्या यंत्राबद्दल) थोडक्यात. ३१४ मधला ईएस२ नावाचा पिकअप सॅडलच्या खाली न बसता मागे बसतो. स्टेजवर तो मला गोड वाटला, पण ब्रिजवर दिसणारे तीन स्क्रू भाऊंना अजून खटकतात. माझ्या गिटारीत पिकअप नाही आणि मला घालायचाही नाही.

आजची स्थिती: जाड ई २.४, बारीक ई १.८, सॅडल ब्रिजच्या वर ३ मि.मी., पट्टी ब्रिजच्या माथ्याच्या अर्धा-पाऊण मि.मी. वर. खोलीत ४८ टक्के. टाचेजवळ पॉलिशला एक केसासारखी भेग गेली आहे, ती तशीच ठेवतोय. पुढचं माप एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, कूलर लावण्याआधी घेईन. आणि पुढच्या रविवारी भाऊंची कपाटावरची गिटार घेऊन आम्ही पुन्हा नानांकडे जातोय.