आमची वाटचाल : वाटीपासून किलोपर्यंत

नोकरीनिमित्त पुण्यात खोली घेऊन राहत असताना मी स्वयंपाक शिकलो, तो कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’वरून. आईला प्रमाण विचारले की ‘अंदाजाने घाल’ एवढेच उत्तर मिळत असे, आणि तो अंदाज यायला लागणारी वर्षे माझ्यापाशी नव्हती; १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात मात्र वाटी-चमच्याची मापे असल्यामुळे कधी कणीकही न मळलेल्या माणसाला धीर येत असे. वरणभातापासून निघून मी दिवाळीच्या चकलीपर्यंत पोहोचलो आणि सहकारी पैसे देऊन भाजणी मागू लागले, तेव्हा व्यवसायाचा विचार प्रथम मनात आला.

सांगलीला परतल्यावर आम्ही उभयतांनी घरातूनच काम सुरू केले. चकलीच्या भाजणीचे आमचे प्रमाण साधे आहे : चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी मुगाची डाळ, अर्धी वाटी उडदाची डाळ आणि पाव-पाव वाटी धने व जिरे. किलोंच्या हिशेबात मात्र वाटी चालत नाही, कारण वाटीभर धने वजनाला वाटीभर तांदळाच्या निम्मेही भरत नाहीत आणि प्रत्येकाची शीग वेगळी असते. म्हणून प्रत्येक जिन्नस आधी वाटीने मोजून, मग तोलून आम्ही सारे प्रमाण ग्रॅममध्ये मांडले. पाकिटातील कृतीच्या चिठ्ठीवर मात्र आजही एका वाटी भाजणीला एक वाटी पाणी आणि एक मोठा चमचा मोहन असेच छापतो. घरोघरी वजनकाटा कुठे असतो?

भाजण्याचे काम अजूनही नाकाडोळ्यांच्या भरवशावर चालते. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, प्रत्येक धान्य वेगळे भाजायचे, थालीपिठाची भाजणी चांगली खमंग होऊ द्यायची आणि चकलीच्या भाजणीचा रंग फारसा बदलू द्यायचा नाही, हे नव्या माणसाच्या हाती बसायला वेळ लागतो. गव्हावर दळले की भाजणीत गव्हाचे पीठ मिसळते. त्यामुळे सुरुवातीला गिरणीत डाळीचे दळण कधी आहे ते विचारून जावे लागे, आणि पहिली मोठी खरेदी म्हणून आम्ही स्वतःची चक्कीच घेतली. दळलेले पीठ पूर्ण निवल्याशिवाय पाकिटात भरत नाही, कारण त्याच्या वाफेने ओल धरते.

दिवाळीच्या आधी फोन सतत वाजतो. चकली तेलात विरघळली तर बहुधा मोहन जास्त झालेले असते, कडक झाली तर कमी पडलेले असते. हे फोन पत्नीच घेते, कारण मी फार प्रश्न विचारतो असे तिचे मत आहे.