वजनकाट्यापाशी घातलेला पट्टा : आमची वाटचाल

वडिलांनी लातूरजवळ रस्त्यांची कामे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पत्र्याचे बॉयलर, झारी आणि भाड्याचा रोलर एवढेच भांडवल होते. खडी आणि गरम डांबर यंत्रात मिसळणारा हॉटमिक्स प्लांट पुढे माझ्या काळात आला.

देशाला लागणाऱ्या डांबरापैकी जवळपास निम्मे आयात होते आणि तेलाचे दर चढले की ठरल्या दराने काम घेतलेला लहान ठेकेदार भरडला जातो. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर–मनसर बायपासवरील लिग्निनमिश्रित डांबराच्या रस्त्याच्या पट्ट्याविषयी वाचले, तेव्हा पर्यावरणाआधी मला हिशेबच सुचला. लिग्निन म्हणजे झाडाच्या काष्ठाला ताठपणा देणारा पदार्थ. तो पऱ्हाटीत असतो, उसाच्या चिपाडात असतो आणि काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढल्यावर मागे उरतो. नागपूरकडे डांबराचा सुमारे १५ टक्के भाग त्याने भरून काढला होता; बाकीचे नेहमीचेच डांबर, हे ‘जैविक रस्ता’ म्हणणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

पहिली चाचणी आम्ही आमच्याच वजनकाट्यासमोर घेतली. लिग्निनच्या भुकटीची पोती पावसाळी हवेत राहिल्याने दमट झाली होती. ती १६० अंशांच्या डांबरात पडताच आतल्या पाण्याची वाफ होऊन फेस टाकीच्या झाकणापर्यंत उसळला. बर्नर बंद करून सर्वांना मागे पळावे लागले. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून भुकटी आधी वाळवून, चाळून, ढवळणी चालू असताना घमेल्याघमेल्याने सोडतो. लिग्निन मिसळतो त्या दिवशी प्लांटवर गुऱ्हाळाच्या चुलवणासारखा वास दरवळतो.

लिग्निनने डांबर ताठ होते. मे महिन्यात पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात तापत असताना हा गुणच ठरतो. भरलेल्या टिप्परच्या चाकाखाली आमचा पट्टा शेजारच्या साध्या पट्ट्यापेक्षा कमी दबला. मात्र आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा ताठ थर तितका लवत नाही. पावसाळ्यानंतर गटाराच्या बाजूला बोटभर लांबीची चीर दिसली. तिथे मुरुमाचा थर पातळ होता, साइडपट्टीवर पाणी साचत होते. दोष एकट्या लिग्निनवर ढकलणे मला पटले नाही. चीर बुजवली, मुरूम वाढवला, गटार खोल केले आणि पुढच्या मिश्रणात लिग्निन १० टक्क्यांवर आणले.

सरकारी निविदेत व्हीजी-३०, म्हणजे रस्त्याच्या नेहमीच्या डांबराची एक प्रत, लिहिलेले असेल तर आम्ही तेच वापरतो. लिग्निनचे मिश्रण सध्या जिनिंग आणि गोदामांच्या आवारातच घालतो, तेही मालकाला आधी सांगून आणि बिलावर त्याचे प्रमाण लिहून.