सिंकिंग फंड: यंदा तहकूब

गेल्या जुलैत गोव्यात, वास्कोतल्या एका सोसायटीच्या ऑडिटला गेले होते. चार मजले, २४ फ्लॅट, १९८७ चं बांधकाम, समुद्र हाकेच्या अंतरावर. फोंड्याहून निघाल्यापासून पावसाने उसंत दिली नव्हती. जिन्याखालच्या खोलीत सोसायटीचं ऑफिस. सचिवांनी दप्तर काढून ठेवलं आणि चहा मागवला.

हिशेब चोख होते. हे मुद्दाम सांगते, कारण सोसायटी म्हटलं की लोकांना आधी अफरातफर आठवते. १९ वर्षं मी सहकारी संस्थांची ऑडिटं करते. इथे बँकेचं पासबुक, पावत्या, व्हाउचर, सगळं जुळत होतं. मेंटेनन्स दरमहा ८०० रुपये. वॉचमनचा पगार, पंपाचं वीजबिल, झाडलोट, आणि वर्षअखेर चार पैसे शिल्लक.

मग मी इतिवृत्ताची वही उघडली. शोधत होते सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे पैसे. ‘सिंकिंग फंडाचा विषय चर्चेस आला. वाढती महागाई पाहता यंदा तहकूब.’ २००४ मध्ये हे वाक्य होतं, २००५ मध्ये होतं, पुढे वर्षामागून वर्षं तेच. अक्षर तेवढं बदलत गेलं. प्रत्येक ठरावाखाली एकच ओळ: ‘खजिनदारांचा विरोध नोंदवावा.’ हे खजिनदार बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. २००४ मध्ये त्यांनी दर फ्लॅटमागे महिना ३०० रुपये बाजूला टाकायचं सुचवलं होतं. मी कागदाच्या कडेला आकडेमोड केली. वर्षाला ८६,४०० रुपये. २० वर्षांत १७ लाख २८ हजार, व्याज वेगळं.

आकड्याखाली रेघ मारते न मारते तोच बाहेर धप्पकन आवाज झाला.

पहिल्या मजल्याच्या बाल्कनीखाली तळमजल्यावरच्या बाईंनी कपडे वाळत घालायला दोरी बांधली होती. पावसात दुसरी जागा कुठे असणार! मुलाच्या शाळेचा शर्ट दोरीवर टाकून त्या चिमटे आणायला आत वळल्या, आणि बाल्कनीच्या पोटाखालचा पाटाएवढा तुकडा खाली आला. शर्ट त्याच्याखाली चिखलात होता. बाई दारात चिमट्यांची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

वर सळया उघड्या पडल्या होत्या. खजिनदारांनी काठीने एक सळई खरवडली, तसे गंजाचे पापुद्रे सुटून खाली पडले. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं, खाऱ्या वाऱ्यात तर लवकरच, हे त्यांनी मला तिथेच उभ्याने समजावलं. मग हळूच म्हणाले, “हांव सांगून सांगून थकलों, बाय.”

सचिवही वाईट माणूस नव्हेत. “मॅडम, अर्धे लोक पेन्शनवर. नऊ फ्लॅट बंद, मालक परदेशात. सभेला कोरम होत नाही. अर्ध्या तासाने जे हजर असतील त्यांनीच ठरवायचं. पैसे वाढवा म्हटलं की कोण हात वर करणार?” त्यांचं खरं होतं. पण पेन्शनवाल्याला महिना ३०० रुपये जड असतील, तर एकदम १ लाख ८० हजार कसे झेपतील? कारण पुढच्याच आठवड्यात इंजिनिअरने दुरुस्तीचा अंदाज दिला, तो ४३ लाख २० हजारांचा, २४ घरांत वाटायचा.

आणि माझं काय? मागच्या तीन वर्षांच्या ऑडिटमध्ये ‘सिंकिंग फंडाची तरतूद नाही’ हा शेरा मीच लिहिला होता. उत्तर आलं, ‘सभेपुढे ठेवू.’ मी ते फायलीला लावलं. शेरा लिहिला की काम झालं, असं मी धरून चालले होते. त्या दोरीखालचा शर्ट बघितल्यापासून तसं धरता येत नाही.

सोसायट्यांवर सरकारचा वचक वाढवावा का, या वादात मी आजवर ‘नको’ म्हणणाऱ्यांत होते. कुत्रा पाळावा की नाही, नावाची पाटी केवढी असावी, हे घरच्यांनी घरी मिटवावं, असं आजही म्हणते. पण डोक्यावरचा स्लॅब हा बहुमताचा विषय नव्हे. स्कूटरचं पीयूसी नसेल तर दंड होतो, आणि २४ कुटुंबं पेलणाऱ्या सळयांना कोणी विचारत नाही! २०१६ च्या रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकली, तीही ताबा दिल्यापासून ५ वर्षं. पुढची ४०-५० वर्षं कोणाची? शेजारी महाराष्ट्रात आदर्श उपविधींमध्ये १५ वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून ढाच्याची तपासणी, दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी सांगितलं आहे.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइडला २४ जून २०२१ ला मध्यरात्रीनंतर समुद्रकाठच्या १२ मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. दोष मूळ आराखड्यातही होते. पण २०१८ मध्येच इंजिनिअरने गंभीर बिघाड लिहून दिला होता, आणि फ्लॅटमालकांची खर्चावरून ओढाताण चालू राहिली. २०२२ मध्ये तिथे कायदा झाला: जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची, आणि मुख्य ढाच्याच्या दुरुस्तीचा निधी मतदानाने टाळण्याची सवलत बंद. मला गोव्यात एवढंच हवं आहे. आपल्या २००१ च्या सहकारी संस्था कायद्यातच ते घालावं, आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे धोकादायक इमारतीच्या तक्रारीला सुनावणीची तारीख महिन्यांत नव्हे, दिवसांत लागावी. फायली अडतील, चिरीमिरी वाढेल, ही भीती मलाही आहे. तरीही.

त्या दिवशी शेरा मी वेगळा लिहिला. ‘जीवितास धोका’ हे शब्द घातले, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आणि एक प्रत सहायक निबंधकांच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिली.

ऑगस्टमध्ये विशेष सभा झाली. चतुर्थीपर्यंत ११ घरांचे पैसे आले. बंद फ्लॅटवाल्यांपैकी दोघांनी फोन उचलला. बाल्कनीखाली लोखंडी टेकू लावले आहेत, आणि बाईंनी कपड्यांची दोरी घरात, पुढच्या खोलीत बांधली आहे.