अल-फाशिर सगळ्यांना दिसत होतं

आज दिवसभर डोक्यातून अल-फाशिर जात नाहीये. सुदानच्या पश्चिमेला, उत्तर दारफूरमधलं हे शहर २६ ऑक्टोबर २०२५ रोजी एप्रिल २०२३ पासून सुदानच्या लष्कराशी लढणाऱ्या रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाच्या, म्हणजे आरएसएफच्या, हाती पडलं. तेव्हापासून जिथे तिथे एकच तक्रार वाचायला मिळते, की जगाला सुदानचा विसर पडला. ती वाचली की माझा संताप होतो. वेळेवर कळलं असतं तर कुणीतरी धावून गेलं असतं, असं त्यातून सुचवलं जातं. अल-फाशिरबद्दल सगळं कळलेलं होतं. आधी, वेळेवर, तपशिलासकट.

मे २०२४ मध्ये शहराला वेढा पडला. १३ जून २०२४ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २७३६ मंजूर केला. शहराचं नाव घेऊन, आरएसएफचं नाव घेऊन, वेढा उठवा असं त्यात बजावलं होतं. बाजूने १४ मतं पडली, रशिया तटस्थ राहिला, विरोधात कुणीच नाही. नकाराधिकारही आडवा आला नाही. त्यानंतर सोळा महिने वेढा जागच्या जागी राहिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये शहरालगतच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांच्या समितीने अधिकृतपणे सांगितलं. ही समिती दुष्काळ हा शब्द सहजासहजी वापरत नाही. उपासमार, कुपोषण आणि मृत्यू यांची ठरलेली पातळी गाठली गेली तरच वापरते. एप्रिल २०२५ मध्ये आरएसएफने ती छावणीच ताब्यात घेतली. पाठोपाठ १५ एप्रिलला, युद्धाला दोन वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, लंडनमध्ये सुदानसाठी परिषद भरली. इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांचं आपसात जमेना, म्हणून संयुक्त निवेदनसुद्धा निघालं नाही.

मग तो बांध. येल विद्यापीठातली एक संशोधन प्रयोगशाळा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून शहरावर नजर ठेवून होती. आरएसएफ शहराभोवती मातीचा बांध घालत असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. ऑगस्ट २०२५ अखेर त्याची लांबी ३० किलोमीटरच्या पुढे गेली होती. बांध कशासाठी, हे काही कोडं नव्हतं. आत अन्न जाऊ नये आणि बाहेर माणूस पडू नये. जमिनीवर एवढी मोठी रेघ ओढली जात होती आणि ती आकाशातून साऱ्या जगाला दिसत होती.

आत लोक काय खात होते, तेही छापून येत होतं. शेंगदाण्याचं तेल गाळल्यावर मागे राहणारी, गुरांना घालायची पेंड. ती भिजवून, शिजवून माणसं खात होती, लेकरांना भरवत होती. पुढेपुढे पेंडही मिळेनाशी झाली. ही बातमी वाचली तेव्हा त्या बाईचा विचार मनातून जाईना, जी पोराला हे भरवताना त्याला काय सांगत असेल.

शहर पडल्यावर तिथल्या ‘सौदी प्रसूती रुग्णालया’त रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसं मिळून ४६० हून अधिक जण मारले गेल्याचे वृत्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. मारणारेच आपल्या फोनवर चित्रण करत होते. लपवण्याची गरजही त्यांना वाटली नाही, आणि मला वाटतं, अडीच वर्षांत जगाने त्यांना जे शिकवलं त्याचाच हा परिणाम. २०२३ मध्ये पश्चिम दारफूरमधल्या अल-जिनीना शहरात आरएसएफ आणि त्यांच्या साथीदार टोळ्यांनी मसालीत या बिगर-अरब जमातीच्या लोकांची कत्तल केली. तिथे १० ते १५ हजार माणसं मारली गेली, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या अहवालात आहे. त्याची त्यांना काय किंमत मोजावी लागली? ६ ऑक्टोबर २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अली कुशायबला दारफूरमधल्या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवलं. ते गुन्हे २००३-०४ मधले. तो जंजावीद या तेव्हाच्या सरकारने पोसलेल्या सशस्त्र टोळ्यांचा म्होरक्या, आणि आरएसएफ उभी राहिली ती याच टोळ्यांतून. निकालाला वीस वर्षं लागली. निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत अल-फाशिर पडलं.

‘दोन सेनापतींचं भांडण’ म्हणून हा विषय झटकून टाकतात, तेही मला पटत नाही. लष्करप्रमुख बुरहान आणि आरएसएफचा प्रमुख हेमेदती भांडतायत हे खरंच. पण २५ ऑक्टोबर २०२१ रोजी याच दोघांनी मिळून तिथलं नागरी सरकार उलथवलं होतं. लष्करही धुतल्या तांदळासारखं नाही. भरलेल्या बाजारांवर त्यांच्या विमानांनी बॉम्ब टाकलेत. आणि भांडण दोघांचंच असतं तर दारूगोळा कधीच संपला असता. सुदानचं सोनं बाहेर जातं, त्यातलं बरंचसं अमिरातीत. अमिरातीतून चाडमार्गे आरएसएफला शस्त्रं जात असल्याचे आरोप विश्वासार्ह आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२४ च्या सुरुवातीलाच नोंदवलं. अमिराती ते ठामपणे नाकारते. सुदान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, पण ५ मे २०२५ रोजी अधिकारक्षेत्र नाही म्हणून खटला निकालात निघाला, कारण वंशसंहारविरोधी करारात सामील होताना अमिरातीने त्या न्यायालयात खेचणारं कलमच मान्य केलेलं नव्हतं. शस्त्रं दिली की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे तपासलाच गेला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिका, सौदी, इजिप्त आणि अमिराती या चौघांनी तीन महिन्यांच्या युद्धविरामाचा प्रस्ताव मांडला. इजिप्त लष्कराच्या पाठीशी, अमिरातीवर आरएसएफला पोसल्याचा आरोप, आणि मध्यस्थही हेच. अमिरातीला दुखवणं कुणालाच परवडत नाही. तिथला पैसा सगळ्यांना हवाय, तिथली बंदरं हवी आहेत, तिथले विमानतळ हवे आहेत. माहिती कमी पडली म्हणून अल-फाशिर पडलं नाही, हे मी म्हणते ते याच कारणाने.

या सगळ्यात ज्यांच्याबद्दल मला मनापासून लिहायचंय, ती माणसं वेगळीच आहेत. २०१८-१९ मध्ये तेव्हाचा हुकूमशहा ओमर अल-बशीर याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या तरुणांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या बांधल्या होत्या. युद्ध पेटल्यावर त्यांच्यातूनच मदतकक्ष उभे राहिले. मोठ्या संस्था बाहेर पडल्या, ही मुलं राहिली. सामूहिक चुली पेटवल्या, एका कढईत डाळ नाहीतर ज्वारीची आंबील शिजवून रांगेतल्या भांड्यांत वाढली, जखमींना उचललं, जमलं तसे दवाखाने चालवले. या मुलांना दोन्ही बाजूंनी पकडलं, मारलं. लोकशाही मागणारी हीच ती मुलं. दोन्ही सेनापतींचं त्यांच्याशी वैर जुनं आहे. आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा यांच्या शेकडो चुली बंद पडल्या. वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली आणि खार्तूममध्ये कढई रिकामी राहिली. हे आठवलं की माझा जीव तुटतो, कारण सुदानमध्ये जे काही चालत होतं ते यांच्याच जोरावर, आणि वाटाघाटींच्या टेबलावर यांच्यासाठी खुर्ची नाही.

अल-फाशिरनंतर युद्ध पूर्वेला सरकलं. डिसेंबर २०२५ मध्ये दारफूरला लागून असलेल्या कोर्डोफानमधलं बाबनुसा शहर आणि हेग्लिगचं तेलक्षेत्र आरएसएफने घेतलं. त्याआधी नोव्हेंबरमध्ये अल-ओबेदला अंत्यविधीसाठी जमलेल्यांवर हल्ला झाला, निदान ४० माणसं गेली. अल-ओबेद हे उत्तर कोर्डोफानचं मुख्य शहर, दारफूरहून खार्तूमला जाणाऱ्या वाटेवरचं. तिथेही घरदार सोडून आलेली माणसं भरली आहेत. सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी घातली ती २००४ मध्ये, आणि अलीकडे दरवर्षी तिची मुदत वाढवली जाते. सप्टेंबर २०२५ मध्येही वाढवली. पण ती बंदी फक्त दारफूरपुरती आहे. अल-ओबेद तिच्या हद्दीबाहेर पडतं. बंदी साऱ्या सुदानला लागू करा, ही मागणी जुनीच आहे, आणि त्यासाठी नवा पुरावा कुणाला लागू नये.