पंखांचं वाळवण

आमच्याकडं रविवारी चिकन केलंय का असं कुणी विचारत नाही, रस्सा केलाय का असं विचारतात. कोंबडी फक्त निमित्ताला. आई साताऱ्याकडची, तिच्या हिशोबात अर्ध्या किलोत सहा माणसं जेवतात आणि ऐनवेळी सातवा आला तरी टेन्शन नाही, वाटीभर गरम पाणी वाढवायचं आणि भाकऱ्या दोन जास्त टाकायच्या. कुरकुरीत हा शब्द आमच्या घरात चकलीला, कांदाभज्यांना, रव्यात घोळवलेल्या बोंबलाला आणि मे महिन्यात कुरडईला. चिकनला तो कधी कुणी लावलाच नव्हता.

तर या मे महिन्यात भाचा आला सुट्टीला. नववीतून दहावीत गेलेला, दिवसभर मोबाईलवर रील्स, आणि त्या रील्समध्ये कुणीतरी विंग दातात धरून कर्रकन आवाज काढतंय. मामा आपण घरी विंग्स करूया ना, एकदम क्रिस्पी. म्हटलं अरे लॉलीपॉप खातोस ना चायनीजच्या गाडीवर, ते काय वेगळं असतं? तर म्हणे ते वेगळं. अजिबात वेगळं नाही हो, लॉलीपॉप म्हणजे पंखच, हाडावरचं मांस खाली ढकलून एका टोकाला गोळा करतात आणि लाल पिठात बुडवून तळतात एवढंच. म्हणजे आपण बारमध्ये आणि गाडीवर वर्षानुवर्षं विंग्सच खातोय, फक्त स्कीन काढून आणि कॉलर ताठ करून.

स्कीन काढून, हीच तर खरी अडचण. आपल्याकडं ब्रॉयलर घेतला की दुकानदार एका झटक्यात शर्ट काढावा तशी स्कीन काढतो, विचारत पण नाही. गावरान कोंबडीचं तसं नसतं, ती जाळावर भाजून हळद लावून स्कीनसकटच कापतात, पण ब्रॉयलरची स्कीन म्हणजे आपल्या लेखी कचरा. मी म्हटलं एक किलो पंख द्या, स्कीनसकट. तो म्हणाला, "दादा आधी सांगायचं ना, पंख हॉटेलवाले घेऊन जातात लॉलीपॉपला." मग आत जाऊन कुठून कुठून गोळा करून आणले. एका किलोत अकरा बसले, आणि बिगर स्कीनपेक्षा स्वस्त पडले, हा एक फायदा.

पहिला प्रयोग बुधवारी केला आणि त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. आईनं सवयीनं तीन पाण्यांतून धुतले, मी सवयीनं दही, आलं-लसूण लावून ठेवले, आणि कुठंतरी बेकिंग पावडर लावायची असं ऐकलं होतं ती नव्हती म्हणून भज्याचा सोडा टाकला, सढळ हातानं. ओटीजी ओव्हनमधून ट्रे बाहेर काढला तर अर्धा इंच पाणी आणि त्यात पांढरेफटक पंख पोहतायत. चव साबणासारखी. भाच्यानं एक चावा घेतला आणि मामा मी मॅगी करू का म्हणाला. आई ट्रेमध्ये डोकावून म्हणाली, "काय रं, रस्साच झाला की!"

मग मी जरा वाचायला बसलो, असल्या बाबतीत मी चिवट आहे, ऑफिसच्या कामात एवढा असतो तर कुठल्या कुठं गेलो असतो. सगळी भानगड पाण्याची आहे. स्कीनमध्ये पाणी आणि चरबी ठासून भरलेली, आणि जोपर्यंत पाणी आहे तोपर्यंत ओव्हन कितीही तापवा, स्कीन शंभर डिग्रीच्या आसपासच अडकून बसते, म्हणजे तुम्ही भाजत नाही, वाफवताय. खरपूस रंग यायला दीडशेच्या घरात तरी जावं लागतं. म्हणून आधी पाणी घालवायचं. धुतलेच असतील तर फडक्यानं टिपून घ्यायचे, मीठ आणि बेकिंग पावडर चोळायची, किलोला दोन छोटे चमचे बास, आणि जाळीवर पसरून फ्रिजमध्ये उघडे ठेवायचे, आठ तास, जमलं तर रात्रभर. आताच्या फ्रिजमध्ये हवा कोरडी असते, उघडी राहिलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी मान टाकते ना, तेच. आणि बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे, हे मी आता छातीठोक सांगू शकतो. तिच्यात सोड्याबरोबर आंबट क्षार आणि स्टार्च असतो, त्यामुळं ती सौम्य, स्कीन किंचित अल्कलाइन होते आणि लवकर लाल होते, शिवाय गॅसचे बारीक बुडबुडे येऊन वरचा पापुद्रा खडबडीत होतो आणि तोच दाताखाली वाजतो.

हे सगळं मी जेवताना उत्साहानं सांगत होतो तर आई म्हणाली, मग वाळवणच की हे, एवढं वाचायला कशाला पाहिजे. गच्चीवर तिच्या कुरडया चालूच होत्या. अर्धवट वाळलेली कुरडई तळली तर फुलत नाही, चिवट होते, हे तिला सांगायला कुणी फूड सायन्सवाला आला नव्हता. मी गप्प बसलो आणि आमटी ओरपली.

पण रात्रभर ठेवायचं म्हणजे रविवारच्या बेतासाठी शनिवारी कोंबडी घरात आली पाहिजे, आणि शनिवार मारुतीचा. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडं काही चालत नाही, आणि हे तर उघडं, खालच्या कप्प्यात ठेवलं तरी फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं. मी म्हटलं शनिवारी रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी आणतो, तांत्रिकदृष्ट्या रविवार. आईनं नुसतं बघितलं. शेवटी तोडगा असा निघाला की रविवारी सकाळी सातला आणायचे, दिवसभर वाळवायचे, संध्याकाळी भाजायचे. याचा अर्थ रविवारी दुपारी घरात कोंबडी असताना सगळ्यांनी वरण-भात आणि गवारीची भाजी खाल्ली. बाबा दोनदा फ्रिज उघडून बघून आले.

पंखाचे तीन तुकडे पडतात. खांद्याकडचा गुबगुबीत, मधला चपटा ज्यात आपल्या कोपरापासून मनगटापर्यंत असतात तशी दोन हाडं, आणि टोक. टोकात खायला काही नाही, ते मी फेकणार होतो तर आईनं कुकरला लावून हळद-मीठ घालून अळणी पाणी काढलं, दुपारचा वरण-भात बाबांनी त्याच्यावरच गिळला. राहिले बावीस तुकडे. दोनशे वीस डिग्री, जाळीवर, खाली ट्रे, पंचेचाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. छातीचं मांस एवढं तापवलं तर भुसा होईल, पण पंखाला ते सोसतं, सांध्याच्या आजूबाजूचं चिवट सगळं जास्त तापल्यावरच विरघळतं आणि आतून रसरशीत राहतं. विसाव्या मिनिटाला चरबी तडतडायला लागली, तिसाव्याला खिडक्या उघडल्या कारण धूर, आणि चाळिसाव्याला भाचा ओटीजीच्या काचेला नाक लावून उभा.

झाले हो. खरंच झाले. वाजले. भाच्यानं आवाजाचा व्हिडिओ काढला आणि मागून कुकरची शिट्टी आली म्हणून परत काढला.

सॉस करायचा होता बफेलोवाला. आईला वाटलं म्हशीचं काहीतरी आहे, म्हणाली कोंबडीला कशाला म्हशीचं नाव? म्हटलं अगं गावाचं नाव आहे, न्यूयॉर्क राज्यात बफेलो म्हणून शहर आहे, तिथं अँकर बारमध्ये 1964 साली टेरेसा बेलिसिमो नावाच्या बाईंनी पंख तळून तिखट सॉस आणि बटरमध्ये घोळवून दिले आणि तिथून हे सुरू झालं असं सांगतात. तोवर हे तुकडे बहुतेक सूपच्या भांड्यात जायचे. 1977 मध्ये त्या शहरानं 29 जुलै हा चिकन विंग दिवस म्हणून जाहीर पण करून टाकला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे एवढं वाळवून, तळून, कोरडं ठणठणीत करून परत ओलं करतात? याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हापासून मला त्या अमेरिकन लोकांबद्दल जरा आपुलकी वाटायला लागलीय, त्यांचा पण जीव शेवटी रश्श्यातच. मी लोणी वितळवून त्यात ब्याडगीची पूड, लसूण आणि व्हिनेगर टाकलं आणि अर्धे घोळवले, अर्धे तसेच ठेवले. आईनं एक कोरडा खाल्ला, "बरं लागतंय, पण भाकरी कशाला लावायची?" म्हणाली आणि दुसरा घेतला नाही.

रात्री सात कोरडे उरले. ते तिनं कोमट असतानाच स्टीलच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावून टाकले, मी ओरडेपर्यंत झाकण बसलं होतं. सोमवार मध्ये गेला, डब्याला हात लावायची सोय नव्हती. मंगळवारी उघडला तर वरची स्कीन ओल्या वर्तमानपत्रासारखी. आठ तास वाळवलेलं सगळं त्या डब्यानं परत घेतलं. आई म्हणाली दे इकडं, कांदा-खोबरं भाजायला घेतलं, आणि फ्रिजमधून एक वाटी काढली. रविवारी ट्रेमध्ये गळलेली चरबी तिनं गाळून ठेवली होती, मला पत्ताच नव्हता. त्यातच तिनं वाटण परतलं, ते सात पंख सोडले, गरम पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं.

जेवताना भाचा भाकरी कुस्करून बसला होता, बाबांची दुसरी वाटी चालली होती. आई माझ्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "तवंग बघ कसा आलाय. पुढच्या वेळेस पण स्कीनसकटच आण."